दोन तारे आणि एक चष्मा

चष्मा लावायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. चष्म्याने माणूस एकदम म्हातारा दिसतो असं माझं ठाम मत आहे, आणि ऑफिसात मला अजून तरुण समजणारी माणसं आहेत. (निदान एक तरी आहे. तीही आता रिटायर होतेय.)

पण त्या सकाळी शेजाऱ्यांच्या दोरीवर वाळत घातलेल्या कोटाला मी, "काय, आज सुट्टी वाटतं?" असं विचारलं आणि नेमकं ते हिने ऐकलं.

"उद्याच्या उद्या डोळे तपासायला चला," ही म्हणाली.

"माझे डोळे ठणठणीत आहेत! हवं तर परीक्षा घे!"

परीक्षा मीच सुचवली. आमच्या कॅशियरने सांगितलं होतं, की सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा एकटा नाही. नजर चांगली असेल तर त्याच्याजवळचा धाकटाही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दोन दिसले तर घरात चष्म्याचं नाव काढायचं नाही. नाही दिसले तर मी मुकाट्याने डॉक्टरकडे जायचं.

जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर गेलो. मी वर पाहिलं. मधला तारा जाऊ द्या, मला सप्तर्षीच सापडेनात! मान अवघडली. एवढ्यात शेजारच्या पाण्याच्या टाकीवर दोन ठिपके चमकताना दिसले.

"ते बघ! दोन! काय तेज आहे!"

"इतके खाली?"

"मावळतायत," मी शास्त्रीय खुलासा केला.

त्याबरोबर दोन्ही तारे एकदम मिटले, उघडले, टाकीवरून उडी मारून आमच्या कठड्यावर आले आणि "म्याँव" म्हणाले.

चष्मा आला. मी रुसून दोन दिवस तो खिशातच वागवला. शेवटी हिनेच मला ओढत गच्चीवर नेलं. चष्मा लावून मी मान वर केली आणि बघतच राहिलो. इतकी वर्षं डोक्यावर ही एवढी गर्दी होती आणि मला पत्ताच नाही! इतका आनंद झाला, की मी हिचा हातच धरला.

"अगं, खरंच दोन आहेत! एक मोठा आणि त्याला बिलगून धाकटा!"

ही डोळे बारीक करून वर बघत होती.

"दिसतायत ना तुला?"

"मला आपला एकच दिसतो," ही हळूच म्हणाली.

"आणि माझी परीक्षा घेत होतीस?"

"घेणाऱ्याला उत्तर यायलाच हवं असं थोडंच आहे?"

मी जागच्या जागी नाचलो. (पाइपाला ठेचकाळलो. त्याचं काही नाही.) मोठ्या थाटात मी चष्मा काढला आणि हिच्या डोळ्यांवर चढवला.

"अय्या! खरंच की हो, दोन आहेत!" ही लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली. मग तशीच हसत हसत माझ्याकडे वळली. हसू हळूहळू थांबलं. चष्मा नीट करून ही आणखी जवळ आली.

"अहो," ही म्हणाली, "तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"

आणि चष्मा तर माझ्या नाही, हिच्या डोळ्यांवर होता!