वानखडे काकाजींची चौकटीतली झाडं

आमच्या वरच्या मजल्यावरचे वानखडे काकाजी रोज सकाळी चित्रांना पाणी घालतात. धूळ पुसतात असं नाही म्हटलं मी. पाणी घालतात! ते पाणी त्यांच्या गॅलरीतून गळून थेट माझ्या अंगणात, खाटेवर वाळत घातलेल्या मुंगवड्यांवर पडतं, म्हणून हा विषय माझा. नाहीतर मला काय करायचं होतं बाप्पा, अमरावतीत येड्यांची काय कमी आहे!

चित्रं पाठवली त्यांच्या मुलीनं, रजनीनं, अकोल्याहून. काकू गेल्यापासून घर भकास दिसतं, हॉल जरा सजवावा, म्हणून तिनं ती ऑनलाइन मागवली. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चित्रकारांनी काढलेल्या वनस्पती, त्यांच्या छापील प्रती, सोनेरी चौकटीत. फोनवर ती म्हणाली, "बाबा, प्रबोधनकाळातली आहेत." काकाजींनी अर्धंच ऐकलं. धावतपळत खाली आले, "बाई, तुमच्या खुर्च्या लागतीन. रजनीनं घरी प्रबोधन ठेवलं हाय. वक्ता कोन हाय थे काही सांगतलं नाही तिनं." पार्सल आलं तेव्हा अर्धी गल्ली वर बसलेली होती आणि चहा फिरून झाला होता.

खोक्यातून वक्त्याऐवजी लिली निघाली. मग खसखशीचं झाड, मग आणखी दोन कसलीतरी. लोकं चहा पिऊन गेले. काकाजी मात्र चित्र डोळ्यांजवळ नेऊन ओरडले, "अरे बाप्पा! हिच्या तं मुळ्या उघड्या हायेत!"

होत्या खऱ्या. ते जुने चित्रकार शेंड्यापासून मुळापर्यंत सगळं झाड कागदावर उतरवायचे. पण काकाजी पडले शेतकऱ्याचं पोर. मुळासकट उपटलेलं झाड म्हणजे निंदणातलं, बांधावर फेकायचं. मी म्हटलं, "काकाजी, खिळा ठोका अन् टांगा भिंतीवर."

"काहून टांगू? भिंतीले मेलेल्याईचे फोटो टांगतात. हे जितं हाय."

दुसऱ्या दिवशी चांदूर रेल्वेच्या भावाच्या वावरातून काळ्या मातीचं पोतं आलं. गॅलरीत चार रिकाम्या कुंड्या पडल्या होत्या. काकाजींनी त्यांत चौकटी रोवल्या, मुळ्या बरोबर झाकतील इतक्या. खाली छापलेली लॅटिन नावं गेली मातीत. वरून काचेवर फवारा. मे महिन्यात तर कमाल केली. कूलर दाराशी ओढला आणि त्याचं तोंड गॅलरीकडे फिरवलं. स्वतः आत ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन घामानं निथळत बसले. "लिली थंड मुलुखातली हाय न बाई, तिले सोसत नाही," मलाच समजावून राहिले!

तेवढ्यात रजनी गाडी घेऊन आली, त्यांना कायमचं अकोल्याला न्यायला. एकटा जीव, रात्री-बेरात्री पडले-झडले तर? तिचंही खरंच होतं. काकाजींचं एकच पालुपद, "माह्या झाडाईचं काय? अकोल्याचं पानी खारं."

तिनं मला वर बोलावलं, "काकू, तुम्हीच सांगा यांना." मी तर टपूनच बसले होते. म्हटलं, काकाजी गेले की मुंगवड्या सुटल्या. चांगलं तासभर समजावलं. शेवटी रजनी चिडली आणि तिनं लिली कुंडीतून उपटली. "बाबा, कागद आहे हा! कागद! हा वाळतो का कधी?"

"थेच तं," काकाजी म्हणाले.

त्यांनी रजनीच्या हातातल्या लिलीला खालून हात दिला.

"तुही माय दवाखान्यात जाताना सांगून गेली, झाडाईले पानी टाकजा. मी नागपूरले तिच्यापाशीच बसून राहिलो. तिले सोडून आलो नाही एक दिवस. वापस आलो तं ती बी नाही, अन् चारही कुंड्यांत काड्या. तिच्या हातची जास्वंद बी गेली." त्यांनी लिलीच्या काचेवरचा चिखल दुपट्ट्यानं पुसला. "हे झाड वाळत नाही. म्या चुकलो तरी वाळत नाही."

रजनीनं लिली पुन्हा मातीत रोवली, बाजूनं माती दाबली आणि तिथंच बसून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मग तोड निघाली. कायमचं नाही, आठ दिवस फक्त, नातवांना भेटायला. काकाजी गाडीत बसले, उतरले, पुन्हा बसले. काच खाली करून फवाऱ्याची बाटली माझ्या हातात दिली.

"बाई, झाडाईले पानी टाकजा."

टाकते. मुंगवड्या आत घेते आणि वर जाते. चित्रं आहेत, कागदाची आहेत, मला काय कळत नाही? तरी काल पाणी टाकायचं राहिलं असं बाजारात आठवलं, तशी भाजी न घेताच घरी पळत आले.