फक्कीच्या भिंती

"अवो, ही देवखोली हाय का कोंबड्याचं खुराडं?" नीलम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी पूजेला बसले तर देव भाईर ठेवायचं का काय?"

देवखोली म्हणजे अजून मातीवरचा एक पांढरा चौकोन होता. गगनबावडा रोडजवळच्या मोकळ्या प्लॉटवर ज्ञानू गवंड्यानं सकाळीच चुन्याची फक्की मारून घराची आखणी केली होती. रेघ म्हणजे भिंत आणि रेघेत मोकळी सोडलेली जागा म्हणजे दार. आता डोक्यावर अख्खं आभाळ असलं की रेघांतली कुठलीही खोली खुराड्याएवढीच दिसते. ही गोष्ट जगातल्या प्रत्येक आर्किटेक्टला ठाऊक असते आणि जगातल्या एकाही घरमालकाला पटत नाही.

या घराची आर्किटेक्ट होती इरम. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वडिलांच्या शिलाईच्या दुकानावर, माळ्यावर तिचं ऑफिस होतं. तिथून तिनं आजवर कंपाउंडं काढली, दुकानांची शटरं काढली, एकाची न्हाणी काढली. अख्खं घर मात्र कुणी दिलं नव्हतं. कॉलेजच्या मित्रांचा एक ग्रुप होता, त्यावर दुबईहून काशिफ आणि आणखी कुठून कुठून बाकीचे रोज एकच रडगाणं गात. गिऱ्हाईक फोनवर बनवलेलं चित्र पुढं करतं आणि विचारतं, यात तुमचं काम काय उरलं? ते वाचून इरमला वाटे, चला, आपण एकटेच नाही. पण त्यानं पोट थोडंच भरतं!

"बेटा, पुण्याच्या कंपनीत जा," दिलदारमियाँ शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणत. "परदेशातल्या हॉटेलांची बाथरूमं काढ, पण महिन्याला पगार घे." शेवटी बापलेकीत ठरलं होतं. चन्नाप्पाकाकांचं घर नकाशाप्रमाणे उभं राहिलं तर ऑफिस चालू. नाही राहिलं, तर पुणं.

चन्नाप्पा म्हणजे गुळाचे जुने व्यापारी. दिलदारनी शिवलेल्या शर्टाशिवाय दुसरा शर्ट त्यांनी अंगाला लावला नव्हता, आणि त्याच विश्वासावर त्यांनी पोरीला घर दिलं होतं. इरमनं जीव ओतून नकाशा काढला. मधोमध मोकळा चौक, आणि सगळ्या खोल्यांची दारं त्या चौकात. चार महिने ती चौक समजावून सांगत होती आणि चन्नाप्पा "व्हय व्हय" म्हणत होते, म्हणजे त्यांना काही कळलेलं नव्हतं.

आखणीच्या दिवशी नेमकी ती दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गळक्या गच्चीवर अडकली होती. इकडे प्लॉटवर पूजा आटोपली आणि चन्नाप्पांनी मोठ्या आवाजात कायदा सांगितला. शेजारच्या प्लॉटवरची माणसंही ऐकत होती.

"पूजा झालीया. आता ह्या रेघा न्हाईत, भिंती हाईत! कोन भिंतीवर पाय द्यायचा न्हाय. दारातनं यायचं, दारातनं जायचं!"

मुलगा मृत्युंजय फोनवर बोलत सरळ दोन भिंतींतून चालत गेला, तेव्हा त्याला सगळ्यांदेखत परत फिरवून दारातून आणलं गेलं.

मग चन्नाप्पांच्या पत्नी नीलम्मांनी त्या खुराड्याचा विषय काढला. "ज्ञानू, वाईच सरकीव की रेघ." बाहेरच्या बाजूला नियमानं सोडायची जागा होती, तिथं ज्ञानू फक्कीचा कणसुद्धा पडू देईना. मग सरकवायचं कुठं? आत. चौक मोकळाच तर पडला होता.

देवखोली वाढलेली पाहून सूनबाई भूमिकेनं फोन काढला. फोननं तिला घराचं फुकटात चित्र काढून दिलं होतं. त्यात कपड्यांची वेगळी खोली होती आणि खिडकीबाहेर तळं होतं. तळ्याचा हट्ट तिनं समजूतदारपणे सोडला; कपड्यांची खोली चौकात घेतली. मृत्युंजयनं न्हाणीघर टबासाठी पुढं ओढलं. स्वतः चन्नाप्पांनीही मागच्या बाजूची आपली खोली झोपाळ्यापुरती वाढवून घेतली आणि तिथंच प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी डोळ्यांवर ओढून ते घोरू लागले.

ज्ञानू कुणालाच नाही म्हणाला नाही. त्याच्या लेखी सगळेच मालक होते.

इरम आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिनं आधी चौक शोधला. एक बादली ठेवता येईल एवढा तो उरला होता. गेलं घर. पुण्याची बाथरूमं तिच्या डोळ्यांपुढं रांगेनं उभी राहिली.

"ज्ञानूमामा, हे काय केलंय?"

"मालक म्हणालं, केलं."

"कुठले मालक?"

"समदंच की."

तेवढ्यात नीलम्मांनी स्वयंपाकघराच्या रेघेत डबे उघडले आणि शेंगापोळीचा वास सुटला. चन्नाप्पांना जाग आली.

"या की जेवाय," नीलम्मा म्हणाल्या.

चन्नाप्पा उठले, टोपी नीट केली, दाराकडं निघाले आणि थांबले. गोल फिरून पाहिलं. डावीकडून देवखोली पुढं आली होती, उजवीकडून टब, समोर कपडे. चारी बाजूंनी अखंड पांढरी रेघ होती.

"माझं दार कुठाय?"

सगळ्यांनी ज्ञानूकडं पाहिलं.

"अप्पा, फक्की हाय ती. टाका पाय आन् या," मृत्युंजय म्हणाला.

"सकाळी तुला काय सांगितलं मी?" शेजारच्या प्लॉटवरचे पावणे कुंपणाशी येऊन उभे होते. आता पाय टाकला तर सकाळचा सगळा दरारा मातीला मिळाला असता. चन्नाप्पा खुर्चीत परत बसले.

नीलम्मांनी ताट पुढं केलं. "घ्या मग तिथंच."

"भिंतीतनं ताट येतंय व्हय? खिडकी दाव!"

खिडकीही देवखोलीत गेली होती. भूमिकेनं घाईघाईनं फोनला विचारलं. "अप्पा, हे म्हणतंय भिंत काचेची करा. खोली मोठी वाटंल."

"मोठी वाटून काय करू? भाईर कसा येऊ?" आणि मग एकदम आवाज खाली आला. "इरम, पोरी, काढ की मला भाईर."

इरमला मनातून राग होता, पण त्या आवाजानं तो विरघळला. तिनं खराटा उचलला. "काका, दार काढते. पण कुठं काढू? इकडं काढलं तर तुम्ही देवखोलीतनं जाणार."

"चपला घालून? अजाबात न्हाय!" नीलम्मा कडाडल्या.

"मग न्हाणीघरातनं."

"मी टबात असलो तर?" मृत्युंजय म्हणाला.

"कपड्यांच्या खोलीतनं?"

भूमिकेनं लाजून फोन पाठीमागं लपवला.

शेंगापोळी निवत चालली होती. चन्नाप्पा अगदी बारकं तोंड करून बसले होते. नीलम्मांना ते बघवेना. "मरू दे," त्या पुटपुटल्या आणि देवखोलीची वाढीव रेघ पायानं पुसायला लागल्या. मग मृत्युंजयनं टब सोडला. भूमिकेनं कपडे सोडले. ज्ञानूनं सकाळी ठोकलेल्या खुंट्या बघून रेघा मागं नेल्या, शेवटी झोपाळाही गेला, आणि चन्नाप्पा आपल्या दारातून रुबाबात चौकात आले.

जेवण चौकातच झालं. सगळे मावले, कुंपणावरच्या पावण्यांनाही बोलावलं, तेही मावले. दुसरी पोळी खाताना चन्नाप्पांनी चौफेर नजर फिरवली.

"ही जागा लई झ्याक हाय की गं. कुठनं काढलीस?"

"हाच चौक, काका."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!"

इरमनं पोळीचा मोठा घास तोंडात घातला.

"घर तुझ्या नकाशाचं," चन्नाप्पा म्हणाले. "फकस्त माझ्या खोलीला दारं दोन."

नकाशातली एकही रेघ हलू द्यायची नाही, असं तिनं अब्बांना ठणकावून सांगितलं होतं. पण त्या माणसाचा चेहरा पाहून तिनं पेन्सिल काढली आणि दुसरं दार स्वतःच्या हातानं काढलं.

घर उभं राहिलं, त्या दुसऱ्या दारासकट अगदी रेघ न् रेघ. वास्तुशांतीला अख्खं गणगोत लोटलं. पंगती चौकात बसल्या, पोरं चौकात नाचली, दिलदारमियाँ चौकात पानसुपारी घेऊन रमले. चौकाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सगळी गर्दी मागच्या खोलीशी होती. चन्नाप्पा एका दारातून आत जात होते, दुसऱ्यातून बाहेर येत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "ह्या पोरीचं डोकं! अशी खोली कोल्हापुरात दुसरी न्हाय!"

संध्याकाळपर्यंत दोन नातेवाइकांनी आणि कुंपणावरच्या त्या पावण्यांनी इरमला गाठलं. त्यांनाही घर बांधायचं होतं.

"चौक हवाय?" तिनं आशेनं विचारलं.

"चौकाचं तुम्ही बघा, मॅडम," पावणे म्हणाले. "आमाला दोन दारांची खोली पायजे."

इरमनं एकदा अब्बांकडं पाहिलं. ते गालात हसत होते. तिनं पर्समधून टेप काढली आणि विचारलं, "प्लॉट कुठं आहे?"