गोळ्यांची मिसरी

“हिरडी रोज चोळावी, मोती. न्हाई चोळली तर रुसती ती.”

आईनं हे म्हणून साठ वर्षं झाली होती, पण नातीच्या दातांतून रक्त दिसलं त्या सकाळी मोतीबाईला तो आवाज पुन्हा कानाशी आला. तांड्यावरच्या घरात आता दोघीच. मुलगा संतोष आणि सून पुण्याला बांधकामावर. शनिवारपर्यंत रक्त थांबलं नाही तर पूजाला घेऊन जातो, असं त्यानं फोनवर बजावलं. मोतीबाई बरं म्हणाली, आणि दिवसभर एकेका रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

आरोग्यखात्याची आशाताई निता पूजाला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या नारंगी गोळ्या दिल्या. त्या कशा घ्यायच्या, हे मोतीबाईनं विचारलंच नाही. हिरडीचं औषध हिरडीलाच लावायचं, त्यात विचारायचं काय? तंबाखू भाजतात तशा तिनं गोळ्या तव्यावर भाजल्या, कुटल्या, मिसरीच्या डबीत भरल्या आणि सकाळ-संध्याकाळ नातीच्या हिरड्यांना चोळू लागली.

आंबटगोड वास तांडाभर गेला. रूपाबाई चिमूटभर मागायला आली. मिसरीला नाही म्हणायची रीत नाही. मग भिकाबाई आली, मागोमाग तिच्या दोन्ही जावा. गुरुवारी निता येऊन बघते तर ओट्यावर बायका नारंगी तोंडं करून, आंबटानं एकेक डोळा मिटून बसलेल्या. तिला वाटलं, साथच आली. घाबरून तिनं आधी दवाखान्याला, मग संतोषला फोन लावला.

“उद्याच येतो पोरीला न्यायला,” फोनमधून आवाज आला.

मोतीबाईनं डबी पुढे केली. नितानं वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली आणि कपाळाला हात लावला.

“मोतीमाय, ह्या चघळायच्या गोळ्या हायेत. भाजल्यावर त्यात काय राहिलं? पूजाला डॉक्टरांनी दोनदा सांगितलं व्हतं.”

ओट्यावरच्या बायका पदरानं तोंडं पुसू लागल्या. मोतीबाई नातीकडे वळली.

“तुला ठाऊक व्हतं? मंग बोलली काहून न्हाईस?”

पूजा अंगठ्यानं माती उकरत राहिली. फोन चालूच होता.

“चोळताना तू मला मांडीवर घेतीस, दादी,” ती म्हणाली. “सुट्टीत पुण्याला गेले व्हते ना, तिकडं आई दिसभर उभीच ऱ्हाती.”