गल्लीचं गेट आणि एक ते चार

गुरुनाथ मोघे यांनी आपल्या गल्लीचा विकास करायचं ठरवलं, तेव्हा गल्लीला त्याची कुणकुणही नव्हती. विकासाचं असंच असतं. ज्याचा व्हायचा असतो त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

मोघे युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवत. मूळचे पुण्याचे, त्यामुळे दुपारी एक ते चार ही वेळ झोपेसाठीच निर्माण झाली आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चौऱ्याऐंशी साली ते पंजाबात, या सेक्टरमध्ये राहायला आले तेव्हा गल्लीसमोर मोहरीचं शेत होतं. दुपारी आवाज आलाच तर एखाद्या म्हशीचा, आणि तीही उगाच बोलणाऱ्यातली नव्हती. पुढे देशात उदारीकरण आलं. शेताच्या जागी मार्केट आलं, मार्केटमागून तीन बँका, पाच प्रॉपर्टी डीलर आणि घराघरात पेइंग गेस्ट आले. कुरिअरवाले, केबलवाले, क्रेडिट कार्ड गळ्यात मारणाऱ्या टायवाल्या मुली आणि लाउडस्पीकर लावून चादरी विकणारा टेम्पो हे सगळे नेमके दुपारी दोनला मोघ्यांची बेल वाजवू लागले. उदारीकरणाने देशाला काय दिलं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मोघ्यांची झोप मात्र त्याने नेली.

तेव्हा दोन हजार चार साली, वेलफेअर असोसिएशनचे सेक्रेटरी या नात्याने, मोघ्यांनी गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं. गल्ली पलीकडून बंदच होती, त्यामुळे एका गेटात काम भागलं. नियमावली त्यांनी स्वतः लिहिली. एकूण चौदा कलमं. पाहुण्याला सेक्रेटरीच्या सहीचा पास लागेल. दुपारी एक ते चार गेटला कुलूप. पास असो वा नसो, आत कोणी येणार नाही, बाहेर कोणी जाणार नाही. या वेळात कोणाही रहिवाशाला हाक मारून किंवा बेल वाजवून उठवता येणार नाही.

"प्रोफेसर साब, दोपहर को ताला?" शेजारच्या बेदींनी मीटिंगमध्ये विचारलं. बेदींचं सेक्टर बावीसमध्ये पंख्यांचं दुकान होतं. "चोर तो रात को आता है जी."

"चोर रात को आता है, कुरिअर दोपहर को," मोघे म्हणाले. आणि ठराव पास झाला.

पहाऱ्याला बलकार सिंग नावाचे लष्करातले निवृत्त हवालदार ठेवले. मोघ्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं, "एक से चार के बीच कोई भी आए, नहीं खोलना. मैं खुद बोलूँ तो भी नहीं. मेरा दिल कभी नरम पड़ सकता है."

"ठीक है साबजी," बलकार सिंग म्हणाले आणि त्यांनी सलाम ठोकला. सलामाने मोघे इतके खूश झाले की आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

महिनाभर गल्लीत स्मशानशांतता होती. गॅसचे सिलिंडर दोनदा परत गेले. मिसेस सेठींच्या किटी पार्टीच्या बायका गेटाबाहेरच रम्मी खेळून घरी गेल्या. सेठींचा जावई कर्नालहून आला तो तसाच कर्नालला परतला. विकासासाठी थोडा त्याग करावाच लागतो, असं मोघे म्हणत. त्याग दुसऱ्यांचा असला की माणूस हे वाक्य फार सहज म्हणतो.

आणि मग मधुरिमाचं स्थळ आलं.

मधुरिमा ही मोघ्यांची एकुलती एक मुलगी, वय सत्तावीस. सेक्टर सदुसष्टमधल्या औषधशास्त्राच्या संस्थेत संशोधन करत होती. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर ती हिंदीत द्यायची. पंजाबात राहून मराठी जावई शोधणं सोपं नव्हतं. दोन वर्षांत तीन स्थळं आली. एकाला थंडी बाधली, एकाला उन्हाळा, आणि तिसऱ्याच्या आईला मुलगी "फारच हिंदी" वाटली. आता चौथं आलं होतं. विंग कमांडर अविनाश दाणी, मूळचे नागपूरचे, पोस्टिंग अंबाल्याला. मुलगा शिशिर गुडगावला इंजिनिअर. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता, आणि मधुरिमाने फोटो बघून "ठीक ही लग रहा है" म्हटलं होतं, जे तिच्या मानाने पोवाडा गाण्यासारखं होतं.

"हे हातचं जाता कामा नये हो," वंदनाताई नवऱ्याला रोज सांगत होत्या.

रविवारी बाराला यायचं ठरलं. मोघ्यांनी तीन पास आदल्या दिवशीच लिहून, शिक्का मारून गेटावर ठेवले. जूनचा पहिला आठवडा, पारा चव्वेचाळीसवर. वंदनाताईंनी श्रीखंड, मसालेभात, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या असा बेत केला. साडेबाराला दाण्यांचा फोन आला. वाटेत झिरकपूरला उड्डाणपुलाचं काम चालू होतं आणि गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या. एकाच वेळी विकास दोन ठिकाणी चालू असला की असं होतं.

एकला एक मिनिट असताना मोघ्यांची नजर घड्याळावर गेली. ते अनवाणीच गेटाकडे पळाले. डांबर इतकं तापलं होतं की ते पोचले त्याला पळणं म्हणावं की नाचणं, हा प्रश्नच होता. तोवर कुलूप लागलं होतं.

"बलकार सिंग जी, आज ज़रा खुला रखिए. लड़केवाले आ रहे हैं."

"साबजी, एक बज गया."

"अरे पर मैं बोल रहा हूँ ना."

"आपने कहा था, मैं खुद बोलूँ तो भी नहीं." बलकार सिंगांच्या चेहऱ्यावर कर्तव्याचं समाधान होतं. "आपका दिल नरम पड़ गया है साबजी."

मोघ्यांनी कलम बदलायचा प्रस्ताव मांडला. कलम बदलायला दोन तृतीयांश रहिवाशांची सभा लागत होती, आणि रहिवासी झोपले होते, आणि झोपलेल्यांना उठवायला बंदी होती. नियमावलीत एकही फट नव्हती. मोघ्यांना क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला आणि लगेच रडू आलं.

एक वीसला दाण्यांची गाडी आली. गाडीतला एसी झिरकपूरलाच बंद पडला होता. तिघं घामाने निथळत उतरली आणि गेटाच्या गजांपलीकडे उभी राहिली.

"या, या, नमस्कार," मोघे म्हणाले.

"कुठून येऊ?" विंग कमांडरांनी विचारलं.

मोघ्यांनी सगळी हकीकत सांगितली. दाणी चिडतील असं त्यांना वाटलं होतं. पण दाण्यांचे डोळे चमकले. त्यांनी बलकार सिंगांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, रेजिमेंट विचारली आणि मोघ्यांना म्हणाले, "असा संत्री पाहायला मिळत नाही हो आता. याला ऑर्डर मोडायला लावू नका. आम्ही थांबतो."

"तुम्ही थांबा," दाण्यांच्या पत्नी शैलजाताई नवऱ्याला म्हणाल्या. "मला घेरी येऊन राहिली आहे."

आता वंदनाताई पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याकडे फक्त एकदा पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात असं त्यांनी फार तर दोनदा पाहिलं असेल. पन्ह्याचे पेले गजांतून गेले. ताटं मात्र जाईनात. गजांमधलं अंतर चारच इंच असावं, नाहीतर कुत्री घुसतात, असा आग्रह मोघ्यांनीच धरला होता. मग पुऱ्या एकेक करून गेल्या, श्रीखंड वाट्यांतून गेलं आणि मसालेभात वंदनाताईंनी गजांतून हात घालून होणाऱ्या विहीणबाईंच्या हातातल्या बशीत वाढला. मुलीला पोहे देऊन बाहेर आणायची पद्धत असते. इथे मधुरिमाला पुऱ्यांचा डबा देऊन गेटाशी उभं केलं. तुरुंगात भेटायला येतात तसा शिशिर पलीकडून गज धरून उभा होता.

"तुमचे बाबा नेहमी असेच आहेत?" त्याने हळूच विचारलं.

"नहीं. संडे को थोड़े कम होते हैं," मधुरिमा म्हणाली, आणि दोघंही हसली.

त्या हसण्याने मिसेस सेठी जाग्या झाल्या. बाल्कनीत येऊन त्यांनी पाहिलं, तर गेटाला कुलूप, बाहेर मुलाकडची माणसं उन्हात, आत मोघे हात जोडून, आणि मोघ्यांची बायको गजांतून अन्न देते आहे. मिसेस सेठींनी स्वतःच्या जावयाची आठवण ठेवून सरळ निष्कर्ष काढला. पाच मिनिटांत गल्लीभर झालं की प्रोफेसरने मुलीच्या सासरच्यांना दारात अडवलंय.

अख्खी गल्ली खाली उतरली. बेदी बनियनवरच आले. "प्रोफेसर साब, गुस्सा थूक दो. कुड़ी की ज़िंदगी का सवाल है. जो लेन-देन की बात है, हम बैठ के कर लेंगे."

"अहो, कसलं लेन-देन," मोघे कळवळून म्हणाले.

"देखा? मान ही नहीं रहे," मिसेस सेठी बाहेरच्या शैलजाताईंना म्हणाल्या. "आप फ़िक्र मत करो बहनजी. लड़की हीरा है. बाप थोड़ा सनकी है, पर दिल का बुरा नहीं." शैलजाताईंनी मोघ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना दोन वर्षांतली तिन्ही गेलेली स्थळं एकदम आठवली.

बेदींनी घरून वायर ओढून टेबलफॅन आणला आणि गजांतून बाहेर वारा सोडला. कोणीतरी रूह अफजा सरबताची बादली आणली. आणि मोघ्यांच्या लक्षात आलं की दोन तृतीयांशच काय, गल्लीतला एकूणएक माणूस इथे आपणहून जागा होऊन उभा आहे.

"सभा," मोघे ओरडले. "मी सेक्रेटरी म्हणून सभा बोलावतोय. कोरम है!"

सभा झाली. मोघ्यांना फक्त आजच्यापुरती सूट हवी होती. पण गल्ली महिनाभर तुंबलेली होती. गॅस निघाला, किटी पार्टी निघाली, कर्नाल तर फारच वेळ चाललं. शेवटी बेदींनी मूळ ठराव बाजूला सारून दुसराच मांडला: हे गेटच नको. जे बाजूने असतील त्यांनी हात वर करावा.

मोघ्यांनी गेटाकडे पाहिलं. हिरवा रंग, वर असोसिएशनचं नाव, खाली लहान अक्षरात सेक्रेटरीचं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या हातात अजून पुऱ्यांचा डबा होता आणि ती पलीकडे बघत होती, लाजत नव्हती, नुसती आनंदात होती. असं तिला त्यांनी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. मोघ्यांनी सगळ्यांत आधी हात वर केला.

ठराव एकमताने पास झाला. पण बलकार सिंगांना तो लेखी हवा होता, सही-शिक्क्यासह. मोघे रजिस्टर आणायला धावले, इतिवृत्त लिहिलं, गल्लीभराच्या सह्या घेतल्या, शिक्का मारला आणि रजिस्टर गेटाशी नेलं. बलकार सिंगांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घड्याळ पाहिलं आणि कुलूप उघडलं.

"चार बज गए साबजी," ते म्हणाले. "अब इसकी ज़रूरत नहीं."

"या, आत या," मोघ्यांनी दोन्ही हात पसरले.

"आता काय करायचं जी येऊन?" शैलजाताई म्हणाल्या. "जेवण झालं, मुलगी पाहून झाली, गल्लीही पाहून झाली. अंधाराआधी झिरकपूर ओलांडलेलं बरं." गाडी वळली आणि गेली. उघड्या गेटातून चादरींचा टेम्पो आत आला.

संध्याकाळभर मोघे फोनशेजारी बसून होते. साडेआठला फोन वाजला आणि मोघ्यांनी पहिल्याच घंटेला उचलला. पलीकडे शैलजाताई होत्या.

"आम्हाला मुलगी पसंत आहे. शिशिरचं तर तिथंच ठरलं होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "माझं फक्त एकच विचारणं आहे. लग्नानंतर पोरगी माहेरी आली, तर तिला बाहेर उभं ठेवणार नाही ना?"

"काहीतरीच काय विचारता," मोघे घाईघाईने म्हणाले. "तिचंच घर आहे हे. कधीही येऊ दे, मध्यरात्री येऊ दे. दार उघडंच असेल."

आणि इथेच थांबले असते तर सगळं छान झालं असतं.

"फक्त," मोघे म्हणाले, "येणार असेल त्या दिवशी साधारण किती वाजता पोचेल, तेवढं कळवत जा."

वंदनाताईंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.