नखांचं जेल आखडलं

"टिंग!"

स्वयंपाकघरातून आवाज आला, घरातली शांतता मोडली आणि तिने दचकून तिकडे पाहिलं. तिच्या लेकीची, चिमणीची, दुधाची बाटली गरम करायचं ते यंत्र केव्हाचं माळ्यावर पडून होतं. ते आज कोण वाजवतंय?

नवरा विजयी मुद्रेने बाहेर आला. हातात तिच्या नखांच्या जेलची काळी बाटली.

"थंडीनं घट्ट झालंय म्हणत होतीस ना? घे. एकदम पाण्यासारखं करून दिलंय."

"अरे, पाण्यासारखं कुणी मागितलं होतं?"

तो काही बोलणार तोच दाराची बेल वाजली. पार्लरच्या मालकीणबाई! आज त्या स्वतःच्याच नखांवर तिचा हात पारखणार होत्या. पसंत पडला तर दुपारपुरती नोकरी. चिमणी झाल्यापासूनची पहिलीच. चिमणी झोपली की ती स्वतःच्या नखांवर सराव करायची, आणि चिमणी उठली की अर्धीच नखं रंगलेली असायची.

मालकीणबाईंनी टेबलावर हात पसरला. ब्रश टेकला मात्र, जेल नखावरून निसटलं आणि थेट कातडीत शिरलं.

"हे काय गं, ओघळतंय की!"

"जरा गरम झालंय. पुसते हं."

"मी आत्ता गार करून आणतो," नवरा कुजबुजला आणि ती नको म्हणेपर्यंत बाटली घेऊन पसार झाला. त्याने ती फ्रीझरमध्ये टाकली, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. 'हो सर, हो सर' करता करता बाटली बर्फाच्या मागे राहून गेली.

बाटली परत आली तेव्हा जेल गोठलेल्या मधासारखं झालं होतं. ब्रश ओढावा तर नखावर वळ उठत. ते झाकायला तिने वरून आणखी जेल लावलं. जाड थर जेल वाळवायच्या दिव्याखाली तापतो, हे तिला पाठ होतं; पण घाईत पाठांतर कुणाच्या कामी आलंय?

"आई गं!" मालकीणबाईंनी दिव्याखालून हात ओढला. "नखं रंगवायला बोलावलंस की भाजायला?"

त्यांनी पर्स उचलली.

"बसा हो बाई," कोपऱ्यात शाल पांघरून मटार सोलणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "हात किती गार पडलेत तुमचे! द्या इकडं."

त्यांनी बाटली उचलून शालीखाली काखेत दाबली आणि मालकीणबाईंचे हात स्वतःच्या तळव्यांत घेतले. आता उठणार कशा?

"आमची ही लग्न होऊन आली ना, तेव्हा हिला साधा चहा जमत नव्हता."

"आई, आत्ता कशाला ते!"

"आता जमतो, तेच सांगतेय. वेळ लागतो हिला. पण एकदा जमलं की जमलं."

बोलणं चहावरून सुनांवर आणि सुनांवरून गुडघ्यांवर गेलं, तेव्हा कुठे बाटली बाहेर आली. तिने श्वास रोखून थेंब ठेवला. थेंब आपणहून पसरला आणि नखाच्या कडेशी शहाण्या मुलासारखा थांबला. तिने सगळी नखं पातळ थरात रंगवली. दिव्याखाली कुणी ओरडलं नाही.

मालकीणबाई नखं न्याहाळत राहिल्या. "आमच्या पार्लरात एसीनं जेल कायम आखडलेलं. मी आपली जेलच्या कंपन्या बदलत बसलेय! सोमवारपासून ये."

तिने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"पण एक अट आहे."

श्वास परत अडकला.

"सासूबाईंनाही घेऊन ये."

"शाल घरची आणू की तिकडं मिळेल?" सासूबाईंनी लगेच विचारलं.

ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्यात भाजलेल्या बोटासाठी म्हणून नवरा फ्रीझरचा अख्खा खण उपसून धावत आला आणि दारातच बर्फ सांडून त्यावरून घसरला.

आवाजाने जागी झालेल्या चिमणीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग तिच्याकडे.

"आई, तुम्ही दोघी गेल्यावर बाबांना कोण सांभाळणार?"