माळवदावरचे पाट

लढाईच्या काळात मी लाहोरच्या छावणीत होतो. स्टोअरमध्ये बसून बल्ब मोजायचे, एवढंच माझं काम. पण सासऱ्यांना पत्र लिहिताना वाटलं, एका पेन्शनर सुभेदाराला 'बल्ब मोजतो' असं काय कळवायचं? म्हणून लिहिलं, 'इकडे विजेचं सगळं काम मीच बघतो.' (खोटं नव्हतं. बघतच तर होतो!)

शेहेचाळीस साली सुटून गावी आलो, तो मागोमाग शिरवळहून सासऱ्यांचं, म्हणजे हंबीररावांचं, कार्ड. 'आमचे पलटणीतले दोस्त सांगलीला तेलाची गिरणी काढताहेत. त्यांना विजेचा माणूस हवा. तुमचं नाव सुचवतो. मात्र आधी तुमच्या हातचा एक दिवा पेटलेला पाहीन. आषाढातल्या पौर्णिमेला येतो.'

आमचं गाव जतच्या पूर्वेला, उघड्या माळावर. वीज तर सोडाच, रॉकेलसुद्धा रेशनच्या कार्डावर मिळायचं. मुबलक होता तो फक्त वारा. आषाढात ढग आमच्या डोक्यावरून पळत दुसऱ्यांच्या गावाला जातात. आमच्या वाट्याला त्यांचा नुसता धक्का येतो. तेव्हा ठरवलं, वाऱ्यावरच दिवा लावायचा. मोडीतल्या मिलिटरी लॉरीचा डायनामो मी पुण्याहून आणलेलाच होता. (का आणला, हे तोवर बायकोला सांगता आलं नव्हतं.) त्याला पाती लावली की झालं!

पहिली पाती रॉकेलचा डबा कापून केली. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, जाड बांबू रोवून ती चढवली. पहिल्या झोतात त्यांचा पापड झाला. दुसऱ्या झोतात एक पातं उडालं ते शेजारच्या धुळा धनगराच्या मेंढरांत पडलं. मेंढरं जी उधळली, ती दोन कोसांवर सापडली.

"लालासायेब," धुळा धापा टाकत म्हणाला, "लढाई संपली न्हवं तुमची?"

गावचा सुतार आकाराम म्हणाला, "पत्रा न्हाई टिकायचा. लाकूड पायजे, वाळल्यालं. सागवान असलं तर लय बेस."

आमच्या घरात सागवान दोनच ठिकाणी होतं. सासऱ्यांनी लग्नात दिलेले, पितळी फुलं ठोकलेले दोन पाट. चंद्राबाई (माझी बायको) रानात गेल्यावर मी ते हळूच आकारामच्या अंगणात नेले. फुलं काढून खिशात ठेवली. एक पाट त्यानं तासायला घेतला, दुसरा मी. मला तासता येत नव्हतं. म्हणून मी त्याच्या बरोब्बर समोर बसलो आणि तो करील तसं हुबेहूब करत गेलो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आकारामनं आणि मी पाती वर चढवली. वारा घोंघावत होता. बांबू थरथरला, पाती थरथरली, मीही थरथरलो. पण फिरायचं कोणी नाव घेईना.

तेवढ्यात खालून हाक आली. "आवं, पाट कुठं हायत?"

"वर."

"वर म्हंजे?"

"माळवदावर. फिरायला आणलेत."

"मग, फिरत्यात का?"

"अजून नाही."

चंद्राबाई शिडी चढून वर आली. पाट ओळखल्यावर तिनं पितळी फुलांच्या जागची भोकं एकेक करून मोजली. (ती बोलत असली की मला भीती वाटत नाही.) मग पदर खोचून तिनं पात्यांवरून हात फिरवला.

"माझं सूप वाऱ्याला कसं धरायचं, ते मला कळतंय," ती म्हणाली. "ह्यातलं एक वाऱ्याला म्हनतंय इकडं ढकल, दुसरं म्हनतंय तिकडं. वारा बिचारा कुनाचं ऐकंल?"

आकारामनं कपाळावर हात मारला. "समोर बसून केलंसा न्हवं? माझं उजवं, तुमचं डावं! पाती कसली, चपलांचा जोड झाला की ह्यो!"

आता तिसरा पाट आणायचा कुठून? मामा, म्हणजे सासरे, उद्या येणार, दिवा नाही, नोकरी नाही, आणि वर पाटही नाहीत!

चंद्राबाई खाली गेली. थोड्या वेळानं वर आली ती तिच्या माहेरच्या लाकडी पेटीचं झाकण घेऊन. लुगडी तिनं गाठोड्यात बांधून ठेवली होती.

"अगं, हे कशाला?"

"तुमचं हसं झालं तर माझंबी हुतंय," ती म्हणाली. "आन् तुमी तासाय बसू नगासा."

मला फार लाज वाटली. मी गुपचूप शिडी धरून उभा राहिलो.

आकारामनं आपल्या पात्यासारखंच दुसरं तासलं. झाकणाचं लाकूड काळं आणि जड. मग चंद्राबाईनं दोन्ही पाती जोडून, मधोमध दोरी बांधून तागडीसारखी टांगली. जे अंग खाली जाईल ते आकारामनं खरवडायचं, असं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं.

दिवेलागणीला हंबीरराव आले. अख्खं गाव अंगणात जमलं होतं. आकारामनं वर जाऊन, बांबूवर चढवून बांधून ठेवलेल्या पात्यांची दोरी सोडली. पाती एकदा कुरकुरली, मग गरगर फिरू लागली, आणि सोप्यात, म्हणजे ओसरीवर, टांगलेला मोटारीचा बल्ब आधी लाल, मग पिवळा, मग लख्ख पेटला! बायाबापड्यांनी हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्राबाईच्याही.

मामांनी वर जाऊन, मान वाकडी करून यंत्र पाहिलं. खाली येऊन मला विचारलं, "जावईबापू, एक पातं काळं, एक तांबूस, असं का?"

"त्याचं असं आहे मामा," मी सुरू केलं, "काळ्या रंगाला वारा जास्त लागतो..."

आकाराम जोरात खोकला. चंद्राबाई चटकन पुढे झाली. "आबा, सगळं ह्यांनीच केलं. एकट्यानं."

हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं, आकारामच्या भुश्यानं माखलेल्या हातांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लेकी, नवऱ्याची अब्रू राखावी. पर बापाशी एवढं मोठं खोटं बोलू ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सांगलीला निघाले. गिरणीतल्या नोकरीसाठी सोबत आकाराम होता. मलाही त्यांनी अगदीच रिकामं ठेवलं नाही. दोघांच्या वळकट्या डोक्यावर घेऊन मोटारीच्या फाट्यापर्यंत जायचं काम माझ्याकडे दिलं. ते मात्र मी खरोखर एकट्यानं केलं.