दारात नको, आत बसा

इब्राहिमभाईंना नखं दाखवल्याशिवाय आमच्या ताटात भात पडत नसे. साठच्या दशकातली गोष्ट. कुवेतला मिरकाब वस्तीत आम्ही सहा सडेफटिंग एका बिऱ्हाडात राहत होतो आणि रत्नागिरीकडचे हे इब्राहिमभाई आमचे स्वयंपाकी. वयाने माझ्याहून धाकटे, दराऱ्याने थोरले. मी पुण्याचा बी.कॉम., कंपनीत हिशेबनीस. तरी रोज दुपारी दोन्ही हात पालथे करून त्यांच्यापुढे उभा राहायचो.

“नखां दाखवा, मंग जेवान,” हा त्यांचा कायदा. एकदा आमचे मॅनेजरसाहेब मासे खायला आले. भाईंनी त्यांचेही हात उलटेपालटे करून पाहिले आणि त्यांना मोरीकडे पिटाळलं. माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो. साहेब निमूट हात धुऊन आले आणि सुरमई दोनदा मागून घेतली.

शिक्षण विचारलं की भाई छाती काढून सांगत, “बालवाडी पास!” पुढे शाळा नाही, थेट गलबत. पण लहानपणी गावात एक बाई येऊन राहिल्या होत्या. खाडीकाठी जाळी ठेवायच्या खोपीत त्यांनी खलाशांची पोरं वर्षभर सांभाळली, तीच ही बालवाडी. तेवढ्या शिदोरीवर हा माणूस आम्हा सहा जणांना वळण लावत होता. पंखा एकच, त्यावरून आमची हमरीतुमरी व्हायची. भाईंनी पाळ्या लावल्या. सकाळी न्हाणीपुढे रांग, तीही पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून! आम्ही कुरकुरलो खरे, पण भांडणं मिटली.

सगळ्यात मोठं वेड दाराचं. उंबऱ्यावर कोणी उभं दिसलं की भाईंचा जीव कासावीस. “दारात नको, आत बसा!” पाणीवाला आत, धोबी आत. आमच्या गोंगाटाची तक्रार घेऊन तणतणत आलेला घरमालकाचा माणूससुद्धा आत. तो अरबीत ओरडत होता, भाई कोकणीत वाढत होते. जेवून ढेकर देऊन गेला.

एकदा मी चिडलोच. “अहो भाई, हे घर आहे की धर्मशाळा?”

भाई मासे साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, “माझी आपा दारात उभी ऱ्हायची.”

आपा म्हणजे थोरली बहीण मरियम. भाईंच्या पाठच्या तान्ह्या भावाला सांभाळायचं म्हणून तिला बालवाडी नाही. त्याला कडेवर घेऊन ती खोपीच्या दारातून गाणी ऐकायची. “मना मिळाला, ता तिला नाय मिळाला,” भाई म्हणाले.

आता मरियमची मुलगी चार वर्षांची होती आणि तिच्याही कडेवर तान्हा भाऊ होता. पोरीला बालवाडीत घाल, असा निरोप भाई गावी जाणाऱ्या प्रत्येकापाशी देत. मुंबईची बोट लागली की उलट निरोप यायचा: मी मासळी विकायला जाते, तान्ह्याला कोण बघणार? त्या दिवशी आमटीत मीठ नसे. आम्ही गुपचूप जेवायचो.

एका दुपारी बोटीवरून त्यांच्या गावचे हसनमियां आले. आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं. भाईंनी पाहुण्याला दारातच थोपवलं. “थयसूनच सांगा! काय म्हनली?”

“पोर जाते बालवाडीत,” हसनमियां म्हणाले. “तान्हापन जातो. नव्या बाईंना हाताखाली मानूस हवा होता, त्यांनी मरियमलाच ठेवलान. ती पन आत बसते आता.”

भाई वळले आणि ताटं मांडू लागले. हसनमियां बिचारे उंबऱ्यावरच. शेवटी मीच म्हटलं, “दारात नको, आत बसा.”

भाई भात वाढायला लागले. नखांची आठवणच नाही. मग आम्ही सहाही जण आपण होऊन रांगेत उभे राहिलो, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, आणि एकेकाने त्यांच्यापुढे हात पालथे केले. भाईंचे डोळे इतके भरले होते की त्यांना काही दिसत नव्हतं.

“साफ हायत,” ते म्हणाले. “सगल्यांची साफ हायत.”

माझी बोटं शाईने बरबटलेली होती.